पुलावरची मांजरं

१

जमीन हलणं आमच्या पालघरकडच्या लोकांच्या अंगवळणी पडलं आहे. भांडी वाजली की आम्ही बाहेर येतो, शेजारणीला विचारतो, तुला कळला का गं, आणि परत आत जाऊन भाकरी उलटतो. भूकंप असला म्हणून भाकरी करपू द्यायची नसते.

त्या सकाळचा धक्का मात्र थोराड होता. मी अंगणात बोंबील वाळत घालत होते. आधी माझ्या घराची ओळख करून देते, कारण वाडीत ती कुणाला करून द्यावी लागत नाही. मी काशीबाई. चिंचणीच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी आमची वाडी. माझ्या घरच्या तीन गोष्टी लोक वळून बघतात. एक आमची होडी. बाकीच्यांच्या तांबूस, आमची काळी कुळकुळीत. दुसरी परसातली चूल. साऱ्या वाडीत गॅस आला, माझं पाणी अजून लाकडावर तापतं. तिसरी माझी वलांडी. वलांडी म्हणजे बोंबील सुकवायची मांडणी, दोन खांब आणि मधे आडव्या काठ्या. बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या लटकवायच्या. इतरांच्या काठ्या बांबूच्या, दरसाल कुजणाऱ्या. माझ्या वरच्या रांगेला लोखंडाच्या, करंगळीएवढ्या जाड, चंदेरी रंग दिलेल्या, खाऱ्या वाऱ्यातही गंज म्हणून नाही. माझ्या दिरानं, कमलाकांतनं, नारळी पुनवेला बोईसरच्या भंगारातून माझ्यासाठी निवडून आणल्या. असा दीर कुणाला आहे, सांगा.

तर धक्का बसला, वलांडी झुलली, थांबली. थोड्या वेळानं माझी सून भाविका लंगडत आली. डोक्यावरची टोपली नाही, पोटरीला रक्त. ती पुलावरून बाजाराला निघाली होती. तिनं सांगितलं की पूल सरकला आणि सरकला तिथंच राहिला. दोन गाळ्यांच्या जोडावर फट पडली, तिच्यात तिचा पाय गेला. मासळी खाडीत गेली ती वेगळीच.

आमच्या माडीवर अर्चना राहते, पुलाची इंजिनिअर. ती हातातला चहा तसाच ठेवून धावली. उधाणाची भरती होती, कमलाकांतनं तिला आपल्या होडीतून जोडाखाली नेलं. तिथं पुलाच्या पोटाला एक लोखंडी पेटी आहे. ती उघडून अर्चनानं आतली एक सळई काढली आणि माझ्या ओट्यावर आणून ठेवली. कोयत्यासारखी वाकलेली. बाकीच्या तिन्ही तशाच, म्हणाली.

तिनं ती सळई उचलली, खाली ठेवली, परत उचलली. मग माझ्याकडे न बघता बोलली.

"मावशी, ही वाकडी राहायलाच नको होती. ही मी बसवलेली सळई नाही."

२

हे समजायला मागचं थोडं सांगावं लागेल.

पूल यायच्या आधी खाडीपलीकडे जायला कमलाकांतची तरीची होडी होती, तर म्हणजे माणसं पार न्यायची फेरी. त्याच्या बापाची, आजाची, तोच मान चालत आलेला. पण ओहोटीला होडी चिखलात बसते. अडलेली बाई पोट धरून पाण्याची वाट बघत बसते. मी असल्या बायकांजवळ बसले आहे. म्हणून सरकारनं पुलाच्या रस्त्यासाठी काठावरचं आमचं मासळी सुकवायचं मैदान मागितलं, तेव्हा साऱ्या बायका नको म्हणत होत्या आणि मी एकटी द्या म्हणाले. काशीबाई सांगते म्हणून त्यांनी दिलं. आज त्या कौलांवर, गल्लीत, जागा मिळेल तिथं सुकवतात आणि मला तोंडावर काही बोलत नाहीत. मागे काय बोलतात ते मला ऐकू येतं.

त्यांनी तेव्हा एकच विचारलं होतं. इथं जमीन सारखी हलते, पूल पडला तर?

उत्तर अर्चनानं दिलं होतं. ती लातूरकडची. तिच्या आईबापाचं घर भूकंपात गेलं आणि ती पत्र्याच्या शेडमधे जन्मली. तिनं सभेत एक काळी सळई आणली, दोन धडधाकट माणसांना ती गुडघ्यावर वाकवायला लावली. एक कमलाकांत होता. दोघांनी जोर लावून कमान केली. हात सोडले तशी सळई आपली आपण सरळ झाली. बायका हसल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. निकेल आणि टायटॅनियम मिसळून केलेला हा धातू आपला आकार विसरत नाही, तिनं सांगितलं. भूकंपात पुलाचे गाळे सरकायला लागले की ह्या सळया वाकतात, ताणतात, धक्का पोटात घेतात आणि परत सरळ होताना गाळ्यालाही जागेवर ओढून आणतात. वाडीनं त्यांना नाव ठेवलं, शहाण्या सळया.

त्या शहाण्या सळया आता पेटीत नव्हत्या. त्यांच्या जागी साधं लोखंड होतं. बाकीच्या जोडांच्या पेट्या अर्चनानं त्याच दिवशी बघितल्या, त्या ठीक होत्या. एका जोडाचीच चोरी झाली होती, आणि पुढचा धक्का मोठा आला असता तर तो गाळा माणसांसकट खाडीत गेला असता. पूल बंद झाला.

दुपारी खंडेराव आला. हा ठेकेदाराचा मुकादम, साताऱ्याकडचा, मिशीवर हात फिरवल्याशिवाय वाक्य सुरू न करणारा. त्यानं ओट्यावर बसून पाणी मागितलं आणि पाणी प्यायच्या आधी अर्चनाचं नाव घेतलं.

"पेटीला कुलूप. चावी बाईंकडं. पाऊस संपल्यावर पेटी बगितली म्हनून सही बाईंचीच. आता तुमीच सांगा, काशीबाई, अजून कुनाकडं बोट दावायचं?"

अर्चना आतल्या दारात उभी होती. तिनं मान्य केलं की दसऱ्याच्या सुमारास तिनं पेटी उघडली, काळ्या सळया दिसल्या, कुलूप लावलं. हलवून बघितल्या नाहीत. परवा पालघरहून साहेब येणार होते. तोवर खऱ्या सळया सापडल्या नाहीत तर चोरीचा गुन्हा तिच्यावर पडणार, नोकरी जाणार, आणि पुन्हा कुठल्या पुलाला ती हात लावू शकणार नाही. हे तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि माडीवर निघून गेली. पोरगी रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

खंडेराव गेल्यावर मी ती वाकडी सळई ओट्यावरून उचलली, कुणाच्या पायात येईल म्हणून. हाताला काळं लागलं. पुसायला गेले आणि वास आला.

मी सळई नाकाशी नेली. तो वास माझ्या घरचा होता.

३

मुशी माशाच्या काळजाचं तेल काढून लाकडाला चोपडतात, हे किनाऱ्यावर सगळीकडे आहे. त्यात राळ घालतात, तेही सगळीकडे. पण आमच्या घरात त्यात चुलीवरच्या भांड्याची मस, म्हणजे बुडाची काजळी, खरवडून घालतात. माझ्या सासूची रीत. त्यानं तेल लाकडाला आणि लोखंडाला चिकटून बसतं, खारा वारा आत शिरत नाही. होडी काळी का, नांगर वर्षानुवर्षं लाल का पडत नाही, ते यामुळे. मस किती, कोमट तेलात केव्हा टाकायची, हे सांगून येत नाही, हाताला यावं लागतं. ते ज्यांच्या हाताला आलेलं आहे अशी माणसं चार. मी, माझा मुलगा केतन, भाविका आणि कमलाकांत.

चोराला सळया काळ्या दिसायला हव्या होत्या, आणि गंजायला नको होत्या. पेटीतून लाल पाणी गळलं असतं तर कुणीही वर बघितलं असतं. घाटावरच्या माणसानं काळा रंग मारला असता. कारखान्यातल्यानं ग्रीस फासलं असतं. हे आमच्या माणसाचं काम होतं. त्याचा हात आपोआप तेलाच्या डब्याकडे गेला होता.

मग मला मांजरं आठवली. पावसाळ्यापासून वाडीतली मांजरं पुलावर जाऊन त्या एका जोडाशी बसायची. फटीला नाक लावायची, पंजा घालायची. पोरं त्यांना पुलाचे वॉचमन म्हणायची. मला वाटायचं, बायकांच्या टोपल्यांतलं पाणी तिथं सांडत असेल. मांजरांना कळलं होतं, मला नाही.

आणि मस. मस लागते लाकडाच्या चुलीची. वाडीत लाकडाची चूल एकच.

आषाढात एका सकाळी मी परसात गेले तर माझं पाणी तापवायचं मोठं पातेलं खालून लखलखीत. कित्येक वर्षांची जाड मस गायब. मला वाटलं, सुनेला अक्कल आली. त्या दिवशी वाडीतल्या चार बायका ओट्यावर होत्या, त्यांच्यासमोर मी भाविकाचं तोंडभरून कौतुक केलं. माझ्या तोंडून ते क्वचित निघतं. भाविका मान खाली घालून भाजी निवडत राहिली.

तिनं मान वर केली नव्हती, हे मला आता लख्ख आठवलं.

४

भाविकाला मी परसात बोलावलं. पायाला पट्टी बांधून ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी पातेलं उलटं करून तिच्यासमोर ठेवलं. काही महिन्यांची नवी मस त्यावर पुन्हा धरली होती.

"आषाढात हे तू घासलंस?"

"नाय, आये."

"मंग तेवा बोलली का नाय?"

तिनं पातेलं परत सुलटं केलं. मग म्हणाली, "तुमी चार माणसांत पयल्यांदाच माझं नाव काढलंत. माझ्या जिभेवर आलं होतं, मी नाय घासलं म्हणून. मी गिळलं."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून मी तिला पायावर वजन देऊ नकोस म्हणून दरडावलं.

चावीचंही तिलाच विचारलं. अर्चना आषाढात पालघरच्या कचेरीत राहायला गेली होती, पावसात पुलाचं उरलेलं काम बंद होतं. चावी तिनं आमच्या देवाच्या फळीखालच्या खिळ्याला अडकवली होती, तिच्या मते घरात त्याहून सुरक्षित जागा नाही. मग चावी घेऊ शकणारे कोण? घरातले. आणि रोज सकाळी त्या फळीखाली पाट मांडून चहा पिणारा माझा दीर. पण त्याला मी मनातसुद्धा मोजलं नाही. मी सून होऊन आले तेव्हा कमलाकांत चालायला शिकत होता. वर्षभरात सासू गेली आणि तो माझ्या कडेवर वाढला. माझ्या केतनच्या आधी मला आईची सवय त्यानं लावली.

भाविकानं पातेलं घासलं नाही, आणि पेटीपर्यंत चढून सळया सोडवायची ताकद तिच्यात नाही. फटीत पाय घालून घेणारी बाई ती फट आधी स्वतः करून ठेवत नाही. उरला केतन.

केतन तारापूरच्या कारखान्यात आहे. वर्षभर तो बोईसरला खोली घ्यायची म्हणून माझ्यामागे लागला होता. तिकडच्या भंगारवाल्यांशी त्याची ओळख. संध्याकाळी तो पाळीवरून आला, मोटारसायकल उभी केली, आणि मी त्याला पाणी न देता अंगणात थांबवलं.

५

मी सरळ विचारलं. मला वळणं घेता येत नाहीत.

केतन आधी हसला. मी हसत नाही हे बघून थांबला. आपल्या आईच्या मनात आपलं नाव आलं, हे कळायला त्याला वेळ लागला. त्यानं डब्याची पिशवी वलांडीच्या खांबाला अडकवली आणि माझ्याकडे पाठ करून बोलायला लागला.

तो म्हणाला, पेटी पुलाच्या पोटाला आहे. वरून हात पोचत नाही. खालून जायचं तर होडी लागते, आणि तीही उधाणाच्या भरतीला, पाणी पार वर आलेलं असताना. खंडेरावचं तिथं जाणं शक्यच नव्हतं, कारण तो पाण्याला इतका घाबरतो की पुलावरूनही मधोमध चालतो.

"आणि आपली होडी, आये? पावसाळाभर अंगणात उलटी. झावळ्यांनी तूच शाकारलीस. मी काय सळया खांद्यावर घेऊन पोहत गेलो?"

मग तो माझ्याकडे वळला.

"सगळ्या वाडीच्या होड्या वर ओढलेल्या होत्या. पाण्यात एकच होती. कुणाची ते तुला माहीत हाय."

मला माहीत होतं. पूल सुरू झाल्यावर कमलाकांतची तर बंद पडली. त्या पावसाळ्यात त्यानं होडी वर ओढलीच नाही. रोज तिच्यातलं पाणी उपसत बसायचा. मला वाटलं, जीव लागलाय. मी त्याला होडीवर भाकरी पाठवत होते.

केतनला त्या रात्री मी ताट वाढलं नाही. त्यानंही मागितलं नाही. त्यानं काकाचं नाव घेतलं म्हणून मी चिडले होते, असं मी स्वतःला सांगितलं. होडी पाण्यात असणं म्हणजे चोरी नव्हे. पातेलं कोण खरवडून गेला ते कुणी बघितलं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, खऱ्या सळया कुठं होत्या? भाविकाचा फोन गेल्यावर बोईसरच्या भंगारात केतननं येतानाच चौकशी केली होती, तिथं असलं काही आलंच नव्हतं. माझ्या दिराच्या घरात लपवायला साधा माळा नाही.

त्या कुठं असतील याचा विचार करत मी सकाळी बोंबील उतरवायला वलांडीपाशी गेले.

६

ओल्या बोंबलाला फार वजन. काठी भरली की मधे झोळ पडतो, खालच्या रांगेला टेकेल की काय असं वाटतं. सुकल्यावर आपण उतरवतो. बांबू थोडा वर येतो, थोडा तसाच राहतो. साधी लोखंडी काठी एकदा वाकली की वाकलीच.

मी चंदेरी काठीवरून एकेक जोडी काढत होते. काढता काढता काठी वर येत होती. हे मी दिवाळीपासून रोज बघत होते. चांगलं लोखंड आहे, एवढंच म्हणत होते. आपल्या माणसानं दिलेली वस्तू कोण तपासतं?

शेवटची जोडी काढली आणि काठी दोरी ताणल्यासारखी सरळ झाली.

माझ्या हातातले बोंबील खाली पडले. मी कोयती घेतली आणि काठीच्या टोकाशी रंग खरवडला. चंदेरी पापुद्रा निघाला. आत काळं.

वरच्या रांगेला अशा काठ्या चार होत्या.

अंगणात मला दुसरं काही दिसेना. ह्या काठ्या मी दाखवल्या नव्हत्या असं माणूस वाडीत नव्हतं. अर्चनाला दाखवल्या होत्या, तिला घाई होती, तिनं दुरूनच छान म्हटलं होतं. माझा दीर कसा, माझा दीर कसा, म्हणून दाखवल्या होत्या. चोरीचा माल मीच चव्हाट्यावर टांगला होता आणि वर कौतुक गोळा केलं होतं.

मी पडलेले बोंबील वेचले, टोपलीत भरले, पदर खोचला आणि काठावर गेले.

७

कमलाकांत तरीच्या होडीत बसून फळ्यांच्या फटीत कापूस ठोकत होता. पूल बंद झाल्यावर लोकांना पुन्हा होडी लागली होती. काठावर माणसं उभी होती, पिशव्या घेऊन, त्याची वाट बघत. त्याचा चेहरा उजळला होता. कित्येक महिन्यांत मी तो असा बघितला नव्हता.

"वयनी, ये. पयली फेरी तुझी," तो म्हणाला.

मी माणसांना पुढं चालायला सांगितलं. माझं तोंड बघून ती गेली.

"कमळ्या, माझं पातेलं तू खरवडलंस."

त्यानं हातोडी खाली ठेवली. खोटं बोलला नाही, एवढं श्रेय त्याला देते. बोलायला लागला तो खाडीकडे बघत. पूल पडावा असं त्याच्या मनात नव्हतं. खंडेराव चहाच्या टपरीवर सांगायचा की त्या सळया नुसत्या शोभेच्या आहेत, पूल त्यांच्याशिवायही पक्का आहे. त्यानं ते खरं मानलं, कारण त्याला ते खरं हवं होतं. एखाद्या धक्क्यात जोडावर फट पडेल, साहेब पूल बंद करतील, आपली तर परत सुरू होईल. इतकंच.

मी म्हटलं, "त्या फटीत भाविकाचा पाय होता."

त्यानं हातोडी परत उचलली. मग त्याचा आवाज चढला.

"तू मैदान देऊन टाकलंस, त्याबरोबर माझी तरपण दिलीस. मला विचारलंस एकदा तरी?"

"वाडीचं काम होतं. तुला काय विचारायचं?"

"बघ," तो म्हणाला. "आतासुद्धा."

ते मी ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणाचं घेतलं नसतं. मला त्याच्याकडून एकाच गोष्टीचं उत्तर पाहिजे होतं. त्या सळया खाडीत का टाकल्या नाहीत, मला यात न ओढता एवढं तरी तो आपल्या माणसासारखा का वागला नाही.

"न गंजणारं लोखंड पाण्यात टाकू? हात धजला नाय."

"मंग माझ्याच अंगणात का रे?"

त्यानं तेव्हा माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तो अगदी शांतपणे, हिशेब आधीच झालेला असावा तसा बोलला.

"तुझ्या अंगणात झडती घ्यायची कुणाची छाती नाय. आणि कधी कळलंच, तर तू बोलणार नाय. घराचं नाव तुला आमच्या सगळ्यांपेक्षा मोठं हाय, वयनी. ती पोरगी परकी. जाईल, दुसरीकडे पोट भरील."

चोरी त्याची, ती मी कधीतरी पचवली असती. पण मला उभी करून, माझ्या मानेची उंची मोजून, त्यानं आपली लपायची जागा निवडली होती. कडेवर बसून त्यानं मला इतकं बारकाईनं बघून ठेवलं होतं.

मी परत फिरले. मागून त्यानं हाक मारली नाही. मी गप्प बसणार याची त्याला खात्री होती.

८

दुसऱ्या दिवशी साहेब आले. खंडेराव मिशीवर हात फिरवत पुढं. अर्चना तिची पिशवी भरून खाली आली होती. पिशवी कशाला भरली, हे मी तिला विचारलं नाही. सगळ्यांना पुलावर जायचं होतं. मी सांगितलं, आधी माझ्या अंगणात.

वाडीतल्या बायकांना मी सकाळीच बोलावून ठेवलं होतं. त्यांनी मैदान दिलेलं, बघायचा हक्क त्यांचा पहिला. कमलाकांतही आला, कुंपणाशी उभा राहिला, हात बांधून.

मी टोपलीभर ओले बोंबील आणले आणि चंदेरी काठ्यांवर जोड्या लटकवायला लागले. साहेबांना वाटलं म्हातारीला वेड लागलं. काठ्यांना झोळ आला. मी म्हटलं, बघून ठेवा. मग भाविका आणि मी जोड्या उतरवायला लागलो. मी एकटीच उतरवणार होते, ती न सांगता पुढं आली. काठ्या वर येऊ लागल्या. अर्चना दोन पावलं पुढं सरकली. शेवटची जोडी निघाली तशी ती धावत आली, खरवडलेल्या जागी तिनं नख लावलं, काठी दोन्ही हातांनी खाली दाबली आणि सोडली.

काठी सरळ झाली. सभेत झाली होती तशीच.

बायकांत कुणी हसलं नाही या खेपेला.

मी साहेबांना म्हणाले, "ह्या तुमच्या सळया. माझ्या अंगणात हायेत, त्यांच्यावर मी मासळी वाळवली, म्हणून आधी माझं नाव लिवा. काशीबाई. मग माझ्या दिराचं. कमलाकांत. तो तिथं उभा हाय. ह्या पोरीचं नाव खोडा."

सगळ्यांनी कुंपणाकडे बघितलं. कमलाकांत पळाला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि काय सांगू, त्याच्या तोंडावर असा भाव होता की जणू दगा मी त्याला दिला. शेवटपर्यंत त्याला वाटलं होतं की मी उतरवलेले बोंबील टोपलीत भरून आत जाईन.

त्याला गाडीत बसवलं तेव्हा केतन त्याच्याबरोबर गेला. मी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी केतनचं ताट आधी वाढलं.

अर्चनाची पिशवी परत माडीवर गेली. तिनं चारही सळया तपासल्या, रंग काढला, साबणानं धुतल्या, लिंबू चोळलं. काम करतील म्हणाली, पण बोंबलाचा वास जाईना. गाळा जागेवर ओढून, सळया बसवून तिनं या खेपेला सगळ्या जोडांच्या पेट्यांना नवी कुलपं लावली. चाव्या आता ती गळ्यात घालून झोपते. देवाच्या फळीखालचा खिळा मोकळाच आहे. पाटही मी उचलून ठेवला. पण सकाळी चहा उकळताना दूध आपोआप एका कपाचं जास्त पडतं, आणि तो कप मी अर्चनाला देते.

पूल सुरू झाला. मांजरं परत त्याच जोडावर येऊन बसली, आता बोंबलाच्या वासानं. येणारेजाणारे हसतात, पोरं नावं ठेवतात. मी बाजाराला जाते तेव्हा तिथं आले की पदर सावरते आणि दुसऱ्या बाजूला बघत पुढं होते.

दुसऱ्या बाजूला खाली तरीची होडी दिसते. चिखलात कुशीवर पडलेली, भेगा पडायला लागलेली. वाडीच्या बाकी होड्यांना तेल लागून झालं. तिला कुणी लावायचं, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.